जमेची बाजू

अक्कलकोट रोडच्या नाक्यावर मी सव्वीस वर्षं पावत्या फाडल्या.
ताडपत्री वर करायची, खोकी मोजायची,
कार्बन उलटा लागला की बोटं निळी.
सिगारेटचं खोकं सीलबंद असलं तरी कळतं,
मनुकांच्या ओल्या पोत्यासारखा वास येतो त्याला.
ड्रायव्हर म्हणायचे, बिस्किटं आहेत साहेब.
मी म्हणायचो, असतील. पण ही बिस्किटं खोकतात.

त्या साली सभागृहात ठराव झाला:
तंबाखूच्या जकातीवर रुपयामागे दहा पैसे जास्त,
आणि ते दहा पैसे भद्रावती पेठेतल्या रात्रीच्या दवाखान्याला.
दुसरीकडे वळवायचे नाहीत.
साखर पेठेतला पानवाला यंबत्तनाळ गॅलरीतून ओरडला,
गरिबाच्या ओठातलं काढून गरिबाच्याच घशात घालताय!
वाक्य चांगलं होतं.
इतिवृत्तात आलं नाही.

विडी नाक्यावरून आत यायची नाही.
तंबाखू यायची, पानं यायची, त्यांची पावती वेगळी.
विडी इथेच जन्मायची,
माझ्या आईच्या मांडीवरच्या सुपात.
कात्री, पत्र्याचा फर्मा, दोऱ्याचं रीळ.
हजार भरल्याशिवाय चूल नाही.
कारखान्यात चेकर मूठभर विड्या चुरगाळून बाजूला टाकायचा,
छाट, म्हणायचा,
आणि ती तेलुगूत त्याच्या सात पिढ्या मोजायची, हळू, हसत.
सिगारेटबद्दल तिचं मत वाईट होतं.
नुसता कागद, म्हणायची. पान नाही, दोरा नाही,
असल्या वस्तूला कुणाची बोटं आठवणार?

तिला दवाखान्यात नेलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते.
काळं नळकांडं, पांढरी मान, त्यावर ब्रशने लिहिलेलं सो.म.पा.
मला त्याची किंमत माहीत होती.
त्या महिन्याची बेरीज मीच मारली होती.
सिस्टर हलिमा बागवान मास्कची पट्टी ओढत म्हणाल्या,
घरात कोण ओढतं?
मी खिशावर हात ठेवला.
म्हणालो, सिस्टर, मी सोडली तर हा दवाखाना कोण चालवणार?
नाक्यावर या विनोदाला चहा मिळायचा.
त्या म्हणाल्या, तुम्ही सोडा. दवाखान्याचं मी बघते.
आई डोळे मिटून पडलेली,
आणि तिची बोटं सरकारी चादरीवर
एकेका विडीचं तोंड दुमडत होती.

मग सोडली.
एकदम नाही. अधिक महिन्यात सोडली, श्रावणात धरली,
गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याखाली उभं राहून शेवटची ओढली,
ती शेवटची नव्हती.
पण सुटली.
रात्रपाळीचा कलशेट्टीही सोडून बसला, माझ्यावर चिडत.
हलिमा सिस्टर रविवारी पेठेत घरोघर फिरायच्या,
कुणी दार लावून घ्यायचं, कुणी पाणी द्यायचं.

दोन वर्षांनी लेखा विभागातून तक्ता आला.
तंबाखू: अपेक्षित इतके, प्रत्यक्ष इतके, तूट इतकी.
तुटीभोवती लाल गोल.
समोर लिहिलेलं, कारण द्यावे.

मी बराच वेळ पेन धरून बसलो.
बाहेर एक टेम्पो हॉर्न मारत होता.
शहरात कुणीतरी कमी खोकतंय
आणि शहराच्या वहीत ते नुकसान म्हणून उतरतंय,
याला रकाना नव्हता.
आणि तूट वाढली तर पुढच्या अडीच वाजता
कुणाच्या तरी आईसाठी नळकांडं नसेल,
यालाही नव्हता.
यंबत्तनाळला विचारावं वाटलं.
त्याच्याकडे वाक्य असतं.

शेवटी वरच्या प्रतीवर लिहिलं,
कारण: चोरटी वाहतूक. बंदोबस्त वाढवावा.
साहेबांना ते आवडतं.

मग कार्बन काढून घेतला
आणि खालच्या प्रतीवर, जी कुणी बघत नाही,
पेन्सिलीने लिहिलं,
म्याकल, क्लार्क, दिवसाला दीड पाकीट, बंद.